भाष्यकार

बालेवाडी असो, वरळी असो की कोल्हापूरची दुधाळी, शूटिंग रेंज म्हटली की तिथे एक भाष्यकार असतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, पाठीवर सॅक. सॅकमध्ये पिस्तूल आणि स्पायरल बाइंडिंग केलेली नियमावली. दहा मीटर एअर पिस्तुलाला दीड किलोची वजनमर्यादा आहे, नियमावलीच्या प्रतीला नाही. त्यामुळे सॅकचं वजन कशाने वाढलंय हे सांगायला नको.

ही नियमावली आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची. सहाव्या भागात सगळ्यांना लागू असलेले तांत्रिक नियम, सातव्यात रायफल, आठव्यात पिस्तूल, नवव्यात शॉटगन. भाष्यकार पिस्तूलवाला. तरी सातवा भागही त्याने कोळून प्यायलेला असतो, कारण रायफलवाल्यांना ते जाडजूड जाकीट चालतं आणि आपल्याला का नाही, हा त्याच्या मनातला जुना सल आहे. प्रतीवर तीन रंगांच्या रेघा असतात. पिवळी म्हणजे चालतं, गुलाबी म्हणजे चालत नाही, हिरवी म्हणजे बघू. प्रत लांबून हिरवीगार दिसते.

त्याच्या भाष्याचं सूत्र सोपं आहे: जे मना केलेलं नाही ते चालतं. हे अर्थात स्वतःच्या पिस्तुलापुरतं. शेजारच्या लेनवरच्या पोराने ग्रिपला काहीतरी चिकटवलेलं दिसलं की सूत्र तिथल्या तिथे फिरतं. ‘चालतं म्हणून लिहिलंय का कुठे? दाखव.’ एकच कटिंग संपायच्या आत तो ही दोन्ही मतं मांडू शकतो, आणि दोन्ही वेळा आवाजातली खात्री तसूभरही हलत नाही.

ग्रिप हा त्याचा खास प्रांत. परदेशी पिस्तुलांच्या अक्रोडी लाकडाच्या ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत येतात. भाष्यकाराचा तळवा मीडियम आणि लार्जच्या बरोबर मध्ये पडतो. मग कानस येते, पॉलिश पेपर येतो, एमसील येतं. इथे जरा घासलं, तिथे जरा भरलं, अंगठ्याखाली लिंपलं. पाच-सहा वर्षांत त्या ग्रिपमध्ये अक्रोड किती आणि एमसील किती हे तिच्या मालकालाही सांगता येत नाही. घासायला-भरायला नियमांची ना नाही. पण ग्रिपने हाताच्या पलीकडे आधार देता कामा नये, मनगट स्पष्ट मोकळं दिसलं पाहिजे, तळहाताखालची फळी, म्हणजे हीलरेस्ट, ग्रिपशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये. ही फळी किंवा अंगठ्याची बैठक वर वळलेली चालत नाही, अंगठ्याच्या विरुद्ध बाजू खाली वळलेली चालत नाही. पिस्तुलाच्या लांबीच्या दिशेने गोलाई असेल तर मात्र चालते. या शेवटच्या सवलतीवर भाष्यकाराचा अख्खा संसार उभा आहे.

एका स्पर्धेच्या आदल्या दिवशीची साहित्य-तपासणी मी जवळून पाहिली. टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई, स्वतः पूर्वी चांगल्या नेमबाज. पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत बसलं. बाईंनी ते बाहेर काढून उजेडात धरलं.

‘काका, हे वर वळलंय.’

‘वळलेलं नाही. तो माझ्या तळव्याचा उंचवटा आहे.’

‘तळवा तुमच्याकडे आहे. माझ्या हातात एमसील आहे.’

‘लांबीच्या दिशेने गोलाई चालते. आठवा भाग बघा, मी खूण करून ठेवलीय.’

‘ही आडवी आहे.’

‘ते तुम्ही पिस्तूल कसं धरता त्यावर आहे.’

बाईंनी काही न बोलता गुण्या लावला. गुण्याच्या पात्याखालून एका टोकाला उजेड दिसत होता, दुसऱ्या टोकाला दिसत नव्हता. ‘घासून आणा,’ त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मुलीचं पिस्तूल घेतलं. भाष्यकार बाहेरच्या कट्ट्यावर बसला, सॅकच्या बाजूच्या कप्प्यातून कानस काढली आणि घासू लागला. कानस आणलेली होती, याची नोंद घ्यावी.

मनगटाचं प्रकरण याहून नाजूक. पिस्तूल धरणाऱ्या हातावर घड्याळ, ब्रेसलेट, पट्टा किंवा आधार देऊ शकेल असं काहीही चालत नाही. आपल्याकडे मनगट मोकळं असतं कधी? नारळी पौर्णिमेनंतर राख्या, एरवी कुठल्या तरी देवस्थानाचा गंडा. एका पोराला गंडा काढायला सांगितला तेव्हा त्याची आई हबकली. भाष्यकार मदतीला धावला. नियमाला शारीरिक आधार अभिप्रेत आहे, श्रद्धेचा आधार त्यात मोडत नाही, असं त्याचं म्हणणं. मुद्दा बिनतोड होता. गंडा डाव्या हातावर गेला.

पॅरिस ऑलिंपिकनंतर तर त्याला ऊत आला. 2024 मध्ये तुर्कस्तानचा युसुफ दिकेच, वय 51, साधा चष्मा घालून, डावा हात खिशात ठेवून मिश्र सांघिक रौप्य घेऊन गेला आणि जगभर त्याचे फोटो फिरले. लोक म्हणाले, बघा, साधनांवाचून जमतं. भाष्यकाराने यावर आठवडाभर निरूपण केलं. खिशात हात घालायला मनाई नाही. डोळ्यापुढे झापड लावायचीच अशी सक्ती नाही, लावली तर न नेम धरणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी तीस मिलिमीटरपेक्षा रुंद नको. म्हणजे दिकेचने नियमांचा पूर्ण अभ्यास केलेला दिसतो! माणूस मुळात चांगला नेमबाज असेल, ही शक्यता या निरूपणात कुठे आली नाही.

साठ गोळ्यांच्या फेरीत, सहाशेपैकी, भाष्यकार स्वतः पाचशे चाळीसच्या आसपास घुटमळतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर आहे हे त्याला पाठ आहे. आकडा वाढत नाही तो ग्रिपमुळे, असं तो मानतो.

नियमावलीत त्याचा एकच शत्रू आहे. ज्या वस्तूने इतरांवर गैरवाजवी फायदा मिळेल आणि जी नियमांत उल्लेखलेली नाही किंवा नियमांच्या आत्म्याविरुद्ध आहे, ती निषिद्ध, अशा अर्थाचं ते कलम आहे. बाकी कलमांत ग्रॅम आहेत, मिलिमीटर आहेत, अंश आहेत. तिथे भांडता येतं. इथे एकदम आत्मा! ‘आत्म्याचं माप काय? गेज कुठाय?’ असं तो विचारतो. त्याच्या प्रतीत या एका कलमावर कुठल्याच रंगाची रेघ नाही.

एवढं असून स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सगळी पोरं याच्याच भोवती गोळा होतात, कारण प्रशिक्षकांना जे माहीत नसतं ते याला तोंडपाठ असतं. एका मुलीच्या वडिलांनी पदरमोड करून जुनं पिस्तूल घेतलं होतं. पिस्तूल उत्तम, ग्रिप निर्दोष, सगळे खूश. भाष्यकाराने मात्र हवेचं सिलिंडर सोडवलं, चष्मा नाकावर चढवला आणि त्यावर कोरलेली तारीख वाचली. सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि ती उलटलेली नाही ना हे पाहणं खेळाडूचीच जबाबदारी. या सिलिंडरची केव्हाच उलटली होती. बाप बिचारा पांढराफटक पडला. दोनशे बार दाबाने भरलेली नळी आहे ती, हे भाष्यकाराने त्याला नियम न सांगता समजावलं, आणि स्वतःचं दुसरं सिलिंडर काढून दिलं. त्या मुलीचा आकडा त्याच्यापेक्षा पंचवीसने जास्त आला. ‘सिलिंडर माझं होतं,’ असं तो अजून सांगतो.

तुमचं पोर पिस्तूल हातात घेणार असेल तर या माणसाशी ओळख ठेवा, मात्र एमसीलच्या बाबतीत त्याचं ऐकू नका. आणि ट्रिगर अगदी काठावर, पाचशे ग्रॅमवर ठेवू नका, थोडं वर ठेवा. नळी उभी धरून वजन उचललं जातं, तीनच संधी मिळतात, आणि हीच तपासणी खेळ संपल्यावर पुन्हा झाली आणि ट्रिगर हलका निघाला तर थेट बाद करतात. तिथे भाष्य चालत नाही.