ओठाला ओठ न लावता

सूत्रसंचालकाला स्वतःचा आवाज आवडावाच लागतो, कारण बाकीच्यांचा तसा काही आग्रह नसतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत सेवापूर्ती, वास्तुशांत, पतसंस्थेची वार्षिक सभा यांतलं काहीही असो, माईक माझ्या हातात येतो. मानधन नारळ. आवाज भारदस्त आहे असं माझं मत आहे आणि ते कच्चं नाही. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर स्वतःचंच रेकॉर्डिंग लावून ते मी पुन्हा पुन्हा तपासून घेतो.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात आम्हाला जोहारी खिडकी शिकवली. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली ती बसवली. चार तावदानं. एकात मला आणि लोकांना दोघांनाही माहीत असलेला मी, दुसऱ्यात फक्त लोकांना माहीत असलेला, तिसऱ्यात मी झाकून ठेवलेला आणि चौथ्यात कुणालाच पत्ता नसलेला. दुसऱ्या तावदानातला मी समजावा म्हणून सहकाऱ्यांकडून फॉर्म भरून घ्यायचे होते. सगळ्यांनी ‘छान’ लिहिलं. एकाने ‘खूप छान’ लिहिलं, पण त्याला माझ्याकडून जामीन हवा होता. आमच्याकडे कागदावर कुणी कुणाचं वाईट लिहीत नाही; कागद उद्या कुठे निघेल सांगता येत नाही. खरं ते तोंडावर बोलायचं, आणि तेही चार माणसांत.

तसं ते बोललं गेलं. एका सेवापूर्तीच्या मांडवात साऊंडवाला वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “सर, तुमच्या प्रास्ताविकाचा लय आधार हाय आम्हाला.”

मी प्रसन्न झालो. “का रे?”

“तेवढ्यात आमचा चहा हुतो, भजी हुत्यात. दुसरं कुणी असलं की चहा निम्मा टाकून पळत यावं लागतंय.”

आता इथे मोरोपंत येणारच. माझ्या प्रत्येक प्रास्ताविकात ते येतात. भजी तेव्हाच मागवली जात असावीत. पण बारामतीत राहून मोरोपंत टाळायचे म्हणजे देहूत राहून तुकाराम टाळण्यासारखं आहे. मोरोपंत जन्माने पन्हाळ्याचे (१७२९), पण बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत आले आणि १७९४ मध्ये जाईपर्यंत इथलेच होऊन राहिले. अख्खं महाभारत त्यांनी आर्यांत बसवलं. रामायण एकदा लिहून समाधान होईना, म्हणून शंभरावर रामायणं लिहिली. एवढं लिहिणाऱ्या माणसाला आपण थोर आहोत असं वाटायला हरकत नव्हती. पण उतारवयातल्या ‘केकावली’त हा मयूर देवासमोर टाहो फोडतो आणि स्वतःचे दोष एकेक करून पुढे मांडतो. तो फॉर्म त्यांनी स्वतःच भरला, आणि ‘छान’ कुठेही लिहिलेलं नाही.

त्या शंभरांत एक निरोष्ठ रामायण आहे. ओठाला ओठ लावून उच्चारायची अक्षरं त्यात वर्ज्य. म्हणजे प, फ, ब, भ, म गेले. आता विचार करा, रामायण लिहायचं आणि ‘राम’ म्हणायची सोय नाही! लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुती गेला, तिकडचे बिभीषण आणि कुंभकर्णही गेले. कैकेयी मात्र सुखरूप.

मला वाटलं, आपणही निरोष्ठ प्रास्ताविक करावं. पंतांच्या गावात असा प्रयोग म्हणजे टाळ्याच. ओठांत उभी काडी धरून आरशासमोर उभा राहिलो. पहिल्या झटक्यात ‘बारामती’ गेली आणि ‘इंदापूर’ही. दस्तुरखुद्द ‘मोरोपंत’ गेले. मग ‘व्यासपीठ’, ‘मान्यवर’, ‘प्रमुख पाहुणे’, ‘अध्यक्ष महोदय’, ‘उपस्थित बंधू-भगिनी’ अशी रांगच लागली. ‘आभार’ही गेले. उरलं काय? हार, शाल, नारळ, टाळ्या आणि चहा. म्हणजे कार्यक्रमातला लोकांना जेवढा हवा असतो तेवढा भाग.

आणि ‘मी’ गेला. ‘माझा’ गेला. ‘आम्ही’, ‘आपण’, ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’ सगळं गेलं. तू, तो, ती, ते मात्र शाबूत. म्हणजे दुसऱ्याविषयी हवं तेवढं बोला, स्वतःविषयी बोलायला निघालात की काडी पडते. माझी काडी इतक्यांदा पडली, की शेवटी बायको दारात येऊन म्हणाली, “अहो, बरे आहात ना? मघापासून एक वाक्य पुरं झालेलं नाही. घर कसं मोठं झाल्यासारखं वाटतंय.”

निंदकाला शेजारी जागा द्यावी असं संतांनी सांगून ठेवलंय. माझी निंदक तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरच राहते, निमगाव केतकीला. माझी आत्या. तिचा पानमळा आहे. ओसरीवर बसून खुडलेली पानं एकावर एक लावायची, किडकं दिसलं की न बघता बाजूला टाकायची, आणि तसंच माझं भाषणही निवडायची. “सत्कार त्या मास्तरचा हुता का तुझा रं? त्येला बोलायला ठिवलंस का काही?” मला राग यायचा. माईक हाती आल्यापासून असं मला दुसऱ्या कुणी विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी ती मोठ्या दुखण्यातून उठली आणि गोड बोलायला लागली. माझं सगळंच तिला चांगलं वाटतं. आवाज चांगला, सदरा चांगला, तब्येत सुधारली. मी पुढे पुढे बोलत राहिलो तरी मान डोलावते. जन्मभर जी कौतुकाची थाप हवी होती ती आता बसल्या जागी मिळते, आणि परत येताना भवानीनगरपर्यंत मला काही सुचत नाही. टोचून बोलायलाही माणसाला बळ लागतं, आणि समोरच्याकडून अजून काहीतरी अपेक्षा लागते. तिचं यातलं नेमकं काय संपलं, हे विचारायचा धीर मला होत नाही.

परवा असाच निरोप घेतला. तिने पानं बांधून दिली, तोंडावरून हात फिरवला. मी गाडी चालू करायला वळलो, पण किक बसेना. मी गेलो असं समजून ती शेजारणीला, जुन्याच ठणठणीत आवाजात सांगत होती, “गुणी हाय पोरगं, पण लय बोलतंय. बापावर गेलंय अगदी.”

मी मुकाट गाडी ढकलत वळणापलीकडे नेली आणि तिथे तिला किक मारली. आजवर पुष्कळ शाली मिळाल्या, पण इतकी ऊब एकीत नव्हती. पुढच्या प्रास्ताविकात हे सांगणार आहे, थोडक्यात.