सदर माहिती उपलब्ध नाही

फ्लॅट घेताना आपण दार पूर्वेला आहे का, ओटा आग्नेयेला आहे का, हे होकायंत्र लावून बघतो. इमारत नाला बुजवून उभी केली आहे का, ते मात्र होकायंत्र सांगत नाही. त्यासाठी महापालिका आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा, माहिती अधिकाराचा अर्ज भरा आणि विचारा की या जागेवर नोटिसा किती निघाल्या, झाडं किती पडली, सांडपाणी कुठं सोडलं. 2005 पासून तसा कायदाच आहे.

अर्जात विषय एकच हवा आणि शब्द दीडशेच्या आत, असा आपल्या राज्याचा नियम. त्यातले निम्मे सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि सिटी सर्व्हे नंबरच खातात. उरलेल्या जागेत नाला बसवायचा. (बिल्डरनं तो पार्किंगखाली बसवला, तुम्हाला एका वाक्यात जमू नये?) पुढे रकाना येतो : अर्जदार दारिद्र्यरेषेखालील आहे काय? गृहकर्जाचा हप्ता अजून सुरू झाला नसेल तर बिनदिक्कत 'नाही' लिहावं.

मग अर्ज फिरायला निघतो. माहिती आपल्याकडे नसेल तर पाच दिवसांत अर्ज योग्य कार्यालयाकडे वर्ग करावा, असं कलम 6(3) सांगतं. अख्ख्या कायद्यातलं हे एकच कलम सगळ्या टेबलांना तोंडपाठ आहे. बांधकाम विभाग म्हणतो, झाडं उद्यान विभागाची. उद्यान विभाग म्हणतो, सांडपाणी मलनिस्सारणचं. मलनिस्सारण म्हणतं, पूररेषा जलसंपदाची. जलसंपदा विचारतं, परवानगी दिली कुणी? बांधकाम विभागानं ना? मग त्यांनाच विचारा.

तीस दिवस उलटल्यावर कधीतरी उत्तर येतं. एक तर नोटीस ही त्रयस्थ व्यक्तीची खासगी बाब ठरते. म्हणजे सांडपाणी भर चौकातून वाहणार, त्याची नोटीस तेवढी पडद्यात. नाहीतर 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.' हे उत्तर चुकूनही बिल्डरच्या ऑफिसात नेऊ नका. तो त्याची झेरॉक्स काढून लॅमिनेट करतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतो : बघा साहेब, आमच्याविरुद्ध महापालिकेत एक कागद नाही!

खरं तर 1974च्या जल कायद्यानं प्रदूषण नियंत्रण मंडळाला संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायला लावली आहे, आणि त्या सांडपाण्याची झळ बसणाऱ्याला ती उघडून बघता येते. ती बघायची आहे असं काउंटरवर सांगून पाहा. सातबारा म्हणजे काय असं विचारल्यासारखं तुमच्याकडे बघतील. वीस हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी लागते, मग दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल. तो बिल्डरच देतो, त्यामुळे त्यात सगळी झाडं जगलेली असतात.

हाडाचा अर्जदार यावर फायलीचं अवलोकन मागतो. तोही अधिकार आहे. लाल फडक्यातली फाईल सुटते आणि आत स्थळपाहणीचा अहवाल निघतो : 'प्रत्यक्ष जागेवर नाला आढळून आला नाही. सबब, नाल्यात अतिक्रमण झाल्याचे दिसून येत नाही.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. तर्कात खोट काढून दाखवा!

राहिलं पहिलं अपील. स्टॅम्प वीस रुपयांचा. अपिलीय अधिकारी त्याच कार्यालयातले वरिष्ठ, त्यामुळे सुनावणीला चहा एकाच किटलीतून येतो. ते कनिष्ठांना तुमच्यादेखत झापतात, मुदत उलटली म्हणून माहिती विनामूल्य द्या, असा आदेश काढतात. यथावकाश जाडजूड लिफाफा येतो. आत वर्ग केल्याची सगळी पत्रं ओळीनं लावलेली, आणि सर्वांत खाली तुमच्याच अर्जाची साक्षांकित प्रत.