चार कुलपं, किल्ली व्हिडिओत

१९३७ साली मुंबईत आलेली डबलडेकर, तिची जुनी डिझेलवाली पिढी नेहमीच्या मार्गावर १५ सप्टेंबर २०२३ला शेवटची धावली. हार पडले, सेल्फी निघाले, गाडी भंगारात. आता तिच्यात बसायचं तर मोबाइलवर ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा गेम घ्या, त्यात मोड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेली बस, टाका आणि जावाच्या घाटातून दादरची पाटी लावून फिरा. आमच्या गोवंडीच्या शिवाजीनगरातल्या मोडरने ही बस जपलीय, तीही चार होस्टिंग साइटवर. फुकटच्या साइटी काही दिवस कोणी फिरकलं नाही की फाइल उडवतात, तेव्हा हे शहाणपणच.

फाइल उतरवली. उघडायला गेलो. पासवर्ड!

पासवर्ड मोडरच्या व्हिडिओत असतो, हा मोडवाल्यांचा रिवाजच. ‘व्हिडिओ पूर्ण बघा, स्किप करू नका.’ पहिली दोन अक्षरं बस वळण घेताना. पुढची तीन लाल बसवर लाल रंगात. त्यानंतरची उमटतात तोच त्यांच्यावर सबस्क्राइबची घंटा येऊन बसते. मागे डीजे, पुढे हॉर्न, आणि मधे आपण वही-पेन घेऊन, दहावीच्या पेपरला बसल्यासारखे. तेही केलं असतं हो. पण हा व्हिडिओच उडालाय, त्या डीजेच्या गाण्याच्या कॉपीराइटपायी. म्हणजे बस चार ठिकाणी सुखरूप आणि पासवर्ड एकाही ठिकाणी नाही. आरएआर फाइलचं कुलूप एईएस-२५६चं. अख्ख्या देवनारचे किल्लीवाले बसवले तरी उघडायचं नाही.

आणि हे कुलूप कोणासाठी? चोरासाठी म्हणे. ‘री-अपलोड करू नका, मेहनत आहे.’ अरे, चोराला व्हिडिओ दिसत नाही का? तो तर पहिल्याच दिवशी सगळ्यात आधी बघतो! बस उघडतो, तुझं नाव खरवडतो, आपलं रंगवतो आणि वर स्वतःचा पासवर्ड ठोकतो. त्याचा व्हिडिओ तुझ्याहून लांब असतो, एवढाच फरक. शिवाय तुझ्या बसचा सांगाडा तरी तुझा आहे का? चाकं एकाच्या मोडमधली, आरसे दुसऱ्याच्या. फक्त रंग तुझा, आणि तोही त्या बिचाऱ्या खऱ्या बसचा. भेसळीचीच भीती असेल, तर चारही प्रती सारख्याच आहेत का, हे पडताळायला फाइलच्या एसएचए-२५६ ठशाची चौसष्ट अक्षरं खाली छापली की भागतं. ती कोणी छापत नाही. छापतात काय, तर ‘लाइक ठोका’.

शेवटी त्या मोडर पोराला गाठलं.

“पासवर्ड? आठवत नाय काका. आता एसीवाली बनवतोय, इलेक्ट्रिक डबलडेकर. तिचा व्हिडिओ येईल.”

“आणि जुनी?”

“तिचं काय टेन्शन? चार साइटवर बॅकअप आहे ना!”