रोलरची दरखास्त

(वक्ता धोतर-कोटात; बगलेत फायलीचा गठ्ठा.)

ज्या गिरिस्थानी मोटारगाड्यांना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव आहे आणि जिथे सिमेंटची गोणीसुद्धा घोड्याच्या पाठीवर बसून येते, त्या आमच्या माथेरानातील क्रिकेटप्रेमी चिरंजीवांनी ऑलिंपिया मैदानाकरिता लोखंडी रोलर मिळावा अशी दरखास्त सरकारदरबारी गुदरली. दरखास्तीत रोलरचे वजन होते, किंमत होती, रंगही होता. तो दस्तुरीपासून ओढणार कोण, एवढाच रकाना कोरा होता.

घोडेवाल्या तात्यांनी कागद उलटा धरून वाचला. (घोगऱ्या आवाजात) "आवो मास्तर, ऑलिंपिया म्हंजी रेसकोर्स. घोड्यांचं. रोलर वढायचा घोड्यानं, आन् फंड ह्यांना? आन् लिदीचं कलम कुठाय?"

प्रश्न मार्मिक होता. रोलर ओढता ओढता अश्वाने निसर्गनियमानुसार नेमक्या गुडलेंग्थवर जे विसर्जन केले असते, त्यावर पडलेला चेंडू वळलाही नसता आणि उसळलाही नसता. तो तिथेच मुक्कामाला राहिला असता! (तात्या) "मंग त्यो उचलायचा कुनी? फिल्डरनं का मोतद्दारानं?"

मी जुना कबड्डीपटू. आमचा अर्ज किती? रेषांपुरती फक्की आणि एक शिट्टी. तांबडी माती माथेरानने फुकट दिलेली. तरी ज्या रायगड जिल्ह्यात गावागणिक कबड्डीचा संघ, तिथल्या एका कारकुनाने आमच्या अर्जावर शेरा मारला: 'इतर'. कबड्डीतील चढाई ३० सेकंदांची. आमची फाइल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर चढाईला गेली, तिथे तिची जी पकड झाली, ती मध्यरेषेला अद्याप शिवलेली नाही. चौकशीला गेलो तर म्हणतो, "दम धरा." अरे गृहस्था, आयुष्यभर दुसरे काय केले?

(थांबून) जुलै २०२४मध्ये विश्वविजेत्या क्रिकेट संघास महाराष्ट्राने ११ कोटी जाहीर केले, आनंद आहे. पुढल्याच महिन्यात कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस, पॅरिसहून नेमबाजीचे कांस्यपदक घेऊन आला, तेव्हा प्रथम जाहीर झाला तो १ कोटी. संघ आणि एकटा माणूस यांची बेरीज सारखी नसते, हे मला कळते; पण त्याच्या वडिलांना जाहीरपणे हरियाणातल्या मोठ्या बक्षिसांचा दाखला द्यावा लागला, तेव्हा त्या बापाने किती वर्षे कोणकोणते उंबरे झिजवले असतील, या विचाराने माझ्या घशाशी…

(तात्या) "रेल्वेतला पोरगा? मंग झालंच की! आपली झुकझुकगाडी बी मध्य रेल्वेचीच. त्येला म्हनावं, रोलर नेरळवरून घाल डब्यात."

तात्या, पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते.

"असू द्या. उन्हाळ्यात येऊ द्या. अमन लॉजपास्नं वढायचं भाडं घोड्याचं." (तळहात पुढे करून) "आन् परतीचं बी. रिकामा घोडा फुकट चालत न्हाई."