कोऱ्या जागेचा कैवारी

फोटोतला बारकोड सॉफ्टवेअरने वाचला नाही की तक्रार सपोर्टवाल्याकडे जाते, आणि तक्रार कोणतीही असो, त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘मूळ फोटो पाठवा.’ व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नको, वर्डच्या फाईलमध्ये चिकटवलेला नको, स्क्रीनशॉट तर मुळीच नको. भिवंडीच्या गोदामातला सुपरवायझर यावर भडकतो. सगळं खापर फोटोवर फोडायला कंपनीने हा माणूस पगारी ठेवलाय, असं त्याचं ठाम मत असतं. सपोर्टवाला हटवादी असतो हे कबूल. पण यंत्राने अंदाजपंचे उत्तर देऊ नये एवढाच त्याचा हट्ट असतो, आणि तो रास्त आहे.

त्याच्यावरचा पहिला आक्षेप ठरलेला: ‘अहो, इतकं स्पष्ट दिसतंय की!’ दिसतात ते पट्ट्यांखालचे आकडे. पट्ट्या वाचणारा ग्राहक अजून जन्माला यायचाय. वाण्याकडच्या मालावरचा तेरा आकडी ईएएन कोड 95 सारख्या भागांत विभागलेला असतो. फोटो आक्रसून कोडच्या वाट्याला शंभरएक पिक्सेल उरले, तर एका भागाला जेमतेम एक पिक्सेल येतो, आणि जेपेगने त्याचीही कड पुसलेली असते. शिवाय कोडच्या डावीकडे अकरा आणि उजवीकडे सात भागांची जागा कोरी लागते, कारण कोड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे यंत्राला त्यावरूनच कळतं. फोटो नीटनेटका करू पाहणारा नेमकी तीच कापतो. सपोर्टवाला या कोऱ्या जागेचा कैवारी. दुकानात बिस्किटाचा पुडा उचलला की तो किंमत बघत नाही, तारीख बघत नाही. कोडच्या कडेपर्यंत रंगीत नक्षी आलेली दिसली की पुडा खाली ठेवतो. घरच्यांनी त्याला सामान आणायला पाठवणं कधीच सोडलेलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘माझा फोन तर क्षणात वाचतो!’ वाचतोच. पण फोनचा कॅमेरा सेकंदाला तीसएक चित्रं टिपतो, त्यातलं एक जमलं तरी त्याचं काम झालं. परीक्षेला तीसदा बसायची मुभा असलेल्याने, एकदाच आणि तेही फाटक्या प्रश्नपत्रिकेवर बसलेल्याला हसू नये. साठवलेल्या फोटोला दुसरी संधी नसते. तो हललेला असेल, प्लॅस्टिकवर ट्यूबलाइट चमकत असेल, तर जे आहे त्यावरच भागवावं लागतं.

‘मग सॉफ्टवेअर जरा सैल करा ना,’ हा तिसरा आक्षेप दिसतो समजूतदार, पण सर्वांत धोक्याचा तोच. ईएएनमधला शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून हिशेबाने काढलेला असतो; एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर तो लगेच चुगली करतो. पण खोक्यांवरच्या इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्ह या कोडची रचनाच अशी, की तिरप्या रेषेने अर्धाच वाचला तरी आखूड पण दिसायला अस्सल नंबर मिळू शकतो. म्हणूनच त्याच्या वर-खाली जाड काळ्या पट्ट्या छापतात, आणि म्हणूनच सपोर्टवाला नंबरची लांबी ठरवून देतो. दोन आकडे कमी भरले तरी नंबर परत. न वाचलेला कोड माणसाला मिनिटभर खोळंबवतो. चुकीचा वाचलेला कोड नागपूरचं खोकं नाशिकला पाठवतो, आणि ते पाठवल्याची पावतीही बिनचूक छापतो.

त्याच्यातही दोष आहेत. ‘माझ्याकडे चालतंय’ हे वाक्य तो ज्या समाधानाने उच्चारतो, त्याला शिक्षा असायला हवी. पण अखेर सुपरवायझर कुरकुरत खोकं उजेडात ओढतो, सरळ समोरून नवा फोटो काढतो आणि कोड वाचला जातो. मग तो साहेबांना सांगतो, ‘बघा, ओरडल्यावर केलं की नाही सॉफ्टवेअर दुरुस्त!’ सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं. सपोर्टवाला ते बोलून दाखवत नाही. तक्रारीपुढे ‘निराकरण झाले’ लिहितो आणि पुढचा स्क्रीनशॉट उघडतो.