सहकुटुंब चौथी पास

चौथीच्या निरोप समारंभाला येणारे कुटुंब सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मुबलक आढळते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पाचवीपर्यंत धरले, तरी गावातली जिल्हा परिषदेची शाळा पुष्कळ ठिकाणी अजून चौथीलाच संपते आणि पाचवी हायस्कुलात भरते. हे हायस्कूल बऱ्याचदा रयत शिक्षण संस्थेचे असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी ही संस्था काढली आणि तिची हायस्कुले आता इतकी जवळ आली आहेत, की निरोप घेऊन मूल जाते ते फार तर ओढ्यापलीकडे. कुटुंब मात्र लेक सासरी निघाल्यासारखे नटून येते.

समारंभ मार्च-एप्रिलात होतो. ऊसतोड आटपत आलेली आणि गावची यात्रा तोंडावर असताना दिवस धरला, तर उपस्थिती दुप्पट. पाटण-जावळीकडचे मुंबईत माथाडी असलेले काका आणि खानापूर-आटपाडीकडचे, परराज्यात सोनेचांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात असलेले मामा यात्रेला आलेलेच असतात. ते या कुटुंबात आपोआप धरले जातात.

काकाचे काम प्रश्न विचारणे. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 साली निघाली, ती देशातली पहिली. तिथे प्रवेश परीक्षा देऊन सहावीत जाता येते, हे काकाला पक्के ठाऊक असते. त्यामुळे "सैनिक स्कूलला बसवताय का न्हाय?" हे तो पुरी तोंडात असताना विचारतो. वडील म्हणतात, "बघू." मुलाला कोणी विचारत नाही, आणि ते त्याच्या पथ्यावर पडते.

आजोबांची जागा पहिल्या रांगेत. ते याच शाळेत शिकलेले असतात आणि त्यांची जन्मतारीख, त्या पिढीतल्या अर्ध्या गावासारखी, 1 जून असते. वडील मोबाइल आडवा धरून व्यासपीठापुढे उभे राहतात. मागच्या तीन रांगांना समारंभ त्यांच्या पाठीवरून कळतो.

समारंभाचा गाभा भाषण. ते आईने लिहिलेले, बाईंनी तपासलेले आणि मुलाने पाठ केलेले असते. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथपर्यंत गाडी सुसाट जाते. "या शाळेने मला" इथे ती अडते. काय दिले ते आठवत नाही. चौथ्या रांगेत आईचे ओठ पुढचे वाक्य बिनआवाजी म्हणत असतात. मूल ते ओठ वाचायला वाकते आणि माईक शिट्टी मारतो. शांततेत आजीचा आवाज येतो, "आरं बोल की! घरी तर ऐकत न्हाईस कुणाला!" मंडप हसतो. मूल मधली दोन पाने गाळून थेट "जय हिंद, जय महाराष्ट्र" वर पोहोचते आणि दिवसातल्या सर्वांत मोठ्या टाळ्या घेते. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्याही जिल्हा परिषद शाळा आहेत; तिथे आजी कन्नडमधून ओरडते, एवढाच फरक.

शाळेला भेट द्यायची रीत आहे. पंखा द्यावा की पाण्याचा फिल्टर, यावर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर खल चालतो आणि शेवटी भिंतीवरचे घड्याळ येते. आधीच्या तुकड्यांची तीन घड्याळे तिथे असतातच, आणि तिन्ही वेगळी वेळ दाखवतात. चौथ्यामुळे शाळेच्या वेळेचा वाद काही मिटत नाही, पण खाली 'सप्रेम भेट' अशी पट्टी लागते.

बाईंसाठीचा खाऊ भूगोलावर ठरतो. साताऱ्याकडे कंदी पेढे, सांगलीकडे भडंग, आणि कराड-वाळवा पट्ट्यातले कुटुंब दोन्ही घेऊन येते, कारण उगाच बोल नको.

रडणे हा मोठ्यांचा विभाग आहे. पहिलीत पोराला ओढत आणले ते बाईंना आठवते, बाईंचा आवाज कापतो आणि आयांचे पदर डोळ्यांना लागतात. पोरांचे लक्ष त्या वेळी खिचडीच्या रोजच्या पातेल्याकडे असते, कारण त्यात आज मठ्ठा आहे आणि शेजारी जिलेबीची पाटी आहे. जेवण झाले की पोरे पटांगणात, आणि कुटुंब फोटोसाठी त्यांना शोधत असते. फोटोत मुलाच्या शर्टावर पाक दिसतो.

निकाल 1 मे रोजी झेंडावंदनानंतर मिळतो. त्यानंतर दाखला न्यायला वडिलांबरोबर आजीही येते. सर तिच्या आग्रहावरून दाखला मोठ्याने वाचतात. 'वर्तणूक चांगली' ऐकल्यावर ती विचारते, "सर, ह्याच पोराचा काढलाय न्हवं?"