लेणेकरी

रविवारी सकाळी पुणे-लोणावळा लोकल मळवलीला थांबते आणि निम्मा डबा रिकामा होतो. कार्ले-भाज्याला निघालेली कुटुंबं, एकवीरेचे भक्त, कॉलेजची पोरं असे सगळे उतरतात. खिडकीशी बसलेले एक गृहस्थ तेवढे हलत नाहीत. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, डोक्यावर उन्हानं विटलेली टोपी, मांडीवर सॅक आणि सॅकवर झेरॉक्सचा जाडजूड गठ्ठा. उतरणाऱ्या गर्दीकडे ते ज्या नजरेनं बघतात तिच्यात राग नसतो, निव्वळ कीव असते. ते लोणावळ्याला उतरणार, तिथून एसटी, मग टमटम आणि मग पायी, कुठल्या तरी अशा डोंगराकडे ज्याचं नाव त्या टमटमवाल्यालाही ठाऊक नसतं. हे आमचे लेणेकरी.

लेणेकऱ्याच्या मनात लेण्यांची पक्की उतरंड असते. अजिंठा-वेरूळ म्हणजे शाळेची सहल. घारापुरी म्हणजे लाँचमध्ये बसून चिप्स खायचं निमित्त. कार्ले बालवर्ग, भाजे पहिली. तुम्ही बेडसे पाहिलंय म्हणालात तर तो तुमच्याशी बोलायला तयार होतो. कोंडाणे म्हणालात तर ‘पावसाळ्यात नाही ना गेलात?’ असं संशयानं विचारतो, कारण पावसाळ्यात तिथं कड्यावरून पडणाऱ्या पाण्याखाली माणसं नाचतात. ठाणाळे, खडसांबळे, गोमाशी, कुडा यांतलं एखादं नाव तुमच्या तोंडून निघालं तर चहा पाजतो, आणि दुसरं निघालं तर चहाबरोबर पोहे येतात. मात्र जिथं तिकीटखिडकी, सिमेंटचं बाकडं आणि पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे, ते लेणं त्याच्या लेखी संपलं. त्याला हवं असतं ते कुणाला माहीत नसलेलं लेणं, आणि ते आपल्याला माहीत आहे हे सगळ्यांना माहीत असायला हवं असतं. त्याच्या आयुष्यातली सगळी ओढाताण या एका वाक्यात आली.

त्याच्या बोलण्यात लेण्यांवर लिहून गेलेले दिवंगत ब्रिटिश साहेब शेजारच्या वाड्यात राहत असल्यासारखे येतात. ‘बर्जेस इथं घाईत होता हो.’ ‘नाडसूर-खडसांबळ्याचं काम करावं तर कझिन्सनं. १८९१ साली पुस्तक काढलंय, माप कसं चोख!’ फर्ग्युसन रस्त्यावरून जाताना तर त्याला राहवतच नाही. ज्यांच्या नावाचं कॉलेज ते जेम्स फर्ग्युसन मुंबईचे गव्हर्नर. बर्जेसबरोबर १८८० मध्ये भारतातल्या लेण्यांवरचा तो जाडजूड ग्रंथ लिहिणारे जेम्स फर्ग्युसन निराळे, निळीच्या धंद्यात पैसा करून मग वास्तुकलेच्या नादी लागलेले. हा खुलासा तो रिक्षावाल्यालाही करतो. खुलासा संपतो तेव्हा रिक्षा डेक्कनला पोचलेली असते आणि उतरायचं असतं कॉलेजच्या फाटकाशी.

पण त्याचं खरं शल्य म्हणजे जॉन स्मिथ. मद्रास फौजेतला हा अधिकारी एप्रिल १८१९ मध्ये शिकारीसाठी अजिंठ्याजवळच्या वाघोरेच्या दरीत गेला, समोर झाडीत दहाव्या लेण्याची कमान दिसली, आणि आत जाऊन यानं खांबावर आपलं नाव आणि २८ एप्रिल ही तारीख कोरून ठेवली. तेव्हा लेण्यात मातीचा भराव होता. तो निघाल्यावर स्मिथचं नाव माणसाच्या डोक्याच्याही वर गेलं. लेणेकरी हे सांगताना आधी कोरण्याबद्दल स्मिथला यथेच्छ झोडपतो आणि मग हळूच सुस्कारा सोडतो. ‘वाघ शोधायला गेला आणि अजिंठा मिळाला! आम्ही अभ्यास करून लेणी शोधायला जातो आणि मिळतं काय? टाकं!’

घरी त्याचा मुक्काम रात्री संगणकासमोर. उपग्रहाच्या नकाशावर सह्याद्रीचा एकेक कडा बोटानं चाचपत बसायचं.

‘हे बघ, ही काळी रेघ. कड्याच्या मध्यावर, सरळ. निसर्ग इतकी सरळ रेघ मारत नाही.’

‘अहो, परवाचीही सरळच होती. विजेच्या तारेची सावली निघाली.’

‘ती उभी होती. ही आडवी आहे.’

आडव्या रेघेमागे त्याचं शास्त्र असतं. सह्याद्री हा लाव्ह्याच्या आडव्या थरांचा डोंगर. जुन्या कारागिरांनी त्यातला जाड, एकसंध, चिरा नसलेला थर हेरून लेणी खोदली. त्यामुळे एक लेणं सापडलं की त्याच थराला धरून डोंगराला वळसा घालायचा, असा त्याचा ठोकताळा. ठोकताळा बिनचूक आहे. वळसा तेवढा कारवीतून, काट्यांतून आणि घसाऱ्यावरून जातो.

नातेवाइकांवर त्याची माया तालुकावार असते. कऱ्हाडला चुलतसासऱ्यांच्या नातवाची मुंज असली तरी हा पहिल्या गाडीनं हजर, कारण आगाशिवचा डोंगर. महाडचं लग्न म्हणजे गांधारपाले, आणि सोहळा दोन दिवसांचा असला तर कोलसुद्धा. अक्षता पडेपर्यंत तो मांडवात दिसतो, पंगतीला नाहीसा होतो आणि वरातीच्या वेळी खरचटलेल्या गुडघ्यांनी, वटवाघळांच्या विष्ठेचा दर्प घेऊन पाहुण्यांत मिसळतो. जुन्नरला आपलं कुणी नाही, ही त्याची मोठी खंत. भोवतालच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आणि एक मामेभाऊ असू नये? लेकीसाठी ओतूरचं स्थळ आलं तेव्हा पत्रिका न बघता त्यानं होकार कळवला. लेकीनं मुलगा न बघता नकार कळवला. मुलगा पुढे भेटला तेव्हा चांगला वाटला म्हणे, पण तोवर बाबांनी त्याला मानमोडीच्या डोंगराबद्दल तासभर प्रश्न विचारून पळवून लावलं होतं.

लेणेकऱ्याचं खरं कसब दिसतं ते डोंगराखालच्या वाडीत. नवखा माणूस तिथं जाऊन ‘लेणी कुठं आहेत?’ असं विचारतो आणि हात हलवत परततो. मुरलेला लेणेकरी आधी पाणी मागून घेतो, भाताची चौकशी करतो आणि मग सुरुवात करतो.

‘मामा, वर लेणी-बिणी हायत का?’

‘लेनी? न्हाय बा.’

‘गुहा? कोरीव काम?’

‘न्हाय.’

‘बरं, पावसात शेरडं कुठं बांधता?’

‘ती व्हय? ती पांडवांच्या खोलीत. धा-बारा खोल्या हायत. खांब हायत, पान्याचं टाकं हाय, मे महिन्यात बी आटत न्हाय. लेनी मातुर न्हाईत.’

म्हणून तो शेळ्यांबद्दल विचारतो, मे महिन्यातल्या पाण्याबद्दल विचारतो, पूर्वी वर कुणी बुवा राहायचा का ते विचारतो. गॅझेटियरनं न सांगितलेलं मामा सांगतात. मग मामांचा चौथीतला नातू अनवाणी पुढे आणि हे चारशे ग्रॅमच्या बुटांत काठी टेकत मागे, अशी मोहीम निघते.

वाटेत मामा इतिहास सांगतात. खोल्या पांडवांनी एका रात्रीत कोरल्या, कोंबडा आरवला म्हणून शेवटची अर्धी राहिली, आणि आतून भुयार निघतं ते थेट काशीला. लेणेकऱ्याला इथं गप्प बसवत नाही. तो सातवाहन काढतो. चौल, कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतून घाटमाथ्यावर चढणाऱ्या व्यापारी वाटा काढतो, पावसाळ्याचे महिने एका जागी राहणारे बौद्ध भिक्खू काढतो. अर्ध्या राहिलेल्या खोलीपाशी तर त्याला भरतंच येतं, कारण अपुरं लेणं हे त्याचं पाठ्यपुस्तक. काम छतापासून सुरू करून खाली खोदत यायचे, त्यामुळे परांची बांधावी लागत नसे. दगडाला चीर लागली किंवा देणाऱ्याचे पैसे संपले की काम तिथंच थांबे, कोंबड्याचा यात काही दोष नाही. मामा शांतपणे सगळं ऐकून घेतात, तंबाखू मळतात आणि म्हणतात, ‘म्हंजी पांडवांनी बी वरनंच सुरवात केली म्हना.’

लेण्याच्या तोंडाशी आल्यावर मात्र हा बडबड्या माणूस एकदम मुका होतो. कारण वर कमानीला आग्या मोहोळ लटकलेलं असतं. अत्तर नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही, हे नियम तो खुणांनीच बजावतो. आत शिरला की विजेरी भिंतीला लावून तिरपी धरतो; समोरून सपाट दिसणाऱ्या दगडावर तिरप्या उजेडात झिजलेली ब्राह्मी अक्षरं सावल्या टाकतात. त्यातलं एक पद तो हमखास वाचतो, ‘देयधम’, म्हणजे दान. देणाऱ्याचं नाव वाचताना अडखळतो, पण ते कोण होते याची त्याला पक्की ओळख आहे. कुड्याच्या दात्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलंय. मंगल कार्यालयातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव वाचून हसणाऱ्यांना तो हा दाखला आवर्जून ऐकवतो.

अर्थात प्रत्येक रविवार असा पिकत नाही. बहुतेकदा सापडते ती नैसर्गिक घळ. क्वचित दोन लेणेकरी एकाच कपारीत समोरासमोर येतात आणि वाद पेटतो. आतला चौकोनी ओटा एकाच्या मते भिक्खूचा शयनओटा, दुसऱ्याच्या मते अपुऱ्या स्तूपाचा चौथरा. ओट्याची उंची मोजली जाते, छिन्नीच्या खुणा चाचपल्या जातात, बर्जेस-कझिन्सना साक्षीला बोलावलं जातं. शेवटी दारात बिडी ओढत बसलेले मामा सांगतात, ‘तो माझ्या आज्यानं कोरलाय. जात्याचा दगुड काढला तिथनं.’

लेणं खरंच निघालं की पुढचं संकट सुरू होतं. रात्री व्हॉट्सॲपवर पन्नासेक फोटो पडतात, खाली ओळ असते, ‘ठिकाण गुप्त ठेवत आहे.’ फोटोत मागे किल्ल्याचा सुळका, धरणाचं पाणी आणि शाळेची पाटी स्पष्ट दिसते. कुणी ओळखलं नाही तर त्याला झोप लागत नाही. कुणी ओळखलं तर पुढच्या रविवारी तिथं माणसं लोटतात आणि त्याची झोप कायमची उडते.

हे वेड टिकून राहतं त्याला आशेचं खतपाणी मात्र खरोखरीचं आहे. दापोली तालुक्यात कोटजाई नदीकाठची पन्हाळेकाजीची २९ लेणी अभ्यासकांच्या नजरेत आली ती १९७० नंतर; म. न. देशपांडे यांचा त्यांच्यावरचा ग्रंथ निघाला १९८६ मध्ये. आणि २०२१ च्या मे महिन्यात नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगरावर पावसाळ्यापूर्वीची साफसफाई करताना पुरातत्त्व खात्याच्या माणसांना आणखी तीन लेणी दिसली. ज्या डोंगरावर अख्खं नाशिक सकाळी फिरायला जातं, तिथं! ही बातमी आली त्या दिवशी लेणेकरी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी नवी विजेरी घेऊन आला.

हसून झाल्यावर एक सांगायला हवं: आपल्या डोंगरांना हा माणूस हवा आहे. बेडशाचं चैत्यगृह १८६१ च्या सुमाराला मोठ्या साहेबांना खूश करायचं म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी रंगवून काढलं आणि मूळ चित्रांच्या उरल्यासुरल्या खुणा त्याखाली गेल्या. आज त्या अधिकाऱ्यांच्या जागी ऑइलपेंटचा डबा घेतलेली प्रेमी युगुलं आणि शेंदूर घेतलेले हौशी भक्त आहेत. केंद्राच्या यादीतल्या स्मारकाची नासधूस केली तर १९५८ च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण आडरानातल्या दोन खोल्या आणि एक टाकं कुठल्याच यादीत नसतं. तिथं गेल्या वर्षी कोणता खांब शाबूत होता याचा एकमेव पुरावा बहुधा या वेड्याच्या मोबाइलमध्ये असतो, आणि त्यासाठी सरकारदरबारी अर्जावर अर्ज करणाराही तोच असतो.

तेव्हा तुमच्या ओळखीचा लेणेकरी ‘जवळच आहे, जेवायला परत येऊ’ म्हणाला तर जरूर जा, फक्त दोन वेळचा डबा बरोबर ठेवा. मोहोळाखाली गप्प राहा. वर काही नवं दिसलं तर फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवा आणि शोधाचं श्रेय मामांना द्या. आणि भिंतीवर नाव कोरायची फारच हौस असेल, तर कुड्याच्या त्या लोखंडवाल्याचा नियम पाळा: आधी लेणं खोदून द्या, मग नाव कोरा.